हातातली बाटली, फ्रिजमधली बाटली

आज दारूबद्दल बोलायचंय. म्हणजे, दारू नसलेल्या दारूबद्दल. मी आणि माझा एक मित्र कोकमाचं पेय बनवतोय. सोड्यासारखं फेसाळ, अल्कोहोल शून्य. चव त्याच्याकडे, लेबल माझ्याकडे. कोड लिहिणाऱ्याला ग्राफिक्सही येतंच, असं सगळे धरून चालतात ना, तसं.

न पिणाऱ्याला पार्टीत खरा वैताग चवीचा नसतोच. ‘अरे, तू घेत नाहीस? का?’ या प्रश्नाचा असतो. हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली दिसली की हमखास येतो. अमेरिकेत २०१९ मध्ये लिक्विड डेथ बाजारात आलं, ते नेमकं यावर बोट ठेवून. आत साधं पाणी, बाहेर बिअरसारखा उंच कॅन आणि वितळणारी कवटी. पाणी तेच, हातात धरायचा संकोच गेला. सीडलिप त्याआधीचं, इंग्लंडचं, २०१५चं. त्याची वाट वेगळी: जिनच्या तोडीची भारदस्त काचेची बाटली आणि लेबलवर झाडपाल्यातून, मसाल्यांतून साकारलेला प्राणी. कवटीपेक्षा मला हे आवडतं.

पण आपल्याकडे गोष्ट पार्टीत संपत नाही. उरलेली बाटली घरी येते आणि सकाळी आई फ्रिज उघडते! तिथे तीच बाटली एका नजरेत ‘हे सरबत आहे गं’ असं म्हणाली पाहिजे. चार फुटांवरून एक उत्तर, हातभरावरून दुसरं. हायनेकेनने २०१७ मध्ये ०.० आणली तेव्हा बाटलीचा घाट ओळखीचा ठेवला आणि लेबलवर निळा रंग आणला. मला हे फार हुशार वाटतं.

आईचं सोडा, तिला समजावता येईल. पण ज्याने मेहनतीने दारू सोडलीय, त्याच्यासमोर हुबेहूब व्हिस्कीची बाटली ठेवणं मला पटत नाही. शिवाय आकड्याचा घोळ आहेच. आपल्या नियमात ०.५ टक्क्यापेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच ते मद्य. म्हणजे ‘नॉन-अल्कोहोलिक’ लिहिलेल्या बाटलीत थेंबभर असू शकतं. ज्याने सोडलीय, किंवा जो धर्मामुळे घेत नाही, त्याला तो थेंब चालत नाही. तो आकडा मागे बारीक अक्षरांत टाकणं म्हणजे लपवणंच. आमचा पुढे येणार, ठळक.

आणखी एक. आपल्याकडे सोडा नि म्युझिक सीडीच्या आडून दारूच्या जाहिराती वर्षानुवर्षं झाल्या. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा आडून जाहिरातींवर बंदी घातली. त्यामुळे दारूसारखं दिसणाऱ्या कुठल्याही लेबलकडे लोक संशयानेच बघतात, आणि बरोबरच आहे.

काचेवरून आमचं अजून भांडण चालू आहे. बिअरची बाटली तपकिरी असते कारण उजेडाने हॉप्स बिघडून वास येतो. आमच्यात हॉप्स नाहीत, मग मला पारदर्शक हवी. कोकमाचा तो लालजांभळा रंग हीच आमची जाहिरात. मित्र म्हणतो, कोकमाचा रंगही उजेडात फिका पडतो. तेही खरंय.

झाकणाचं मात्र ठरलं. लग्नात बाटल्या बर्फाच्या टबात असतात, लेबल बुडालेलं, वर फक्त झाकणं. म्हणून ‘०.०’ झाकणावर.

नाव अजून सापडलेलं नाही. सुचलं तर कमेंटमध्ये टाका. फक्त ‘कोक’ने सुरू होणारं नको, वकील परवडणार नाही.