मलमाचा गुण का दिसत नाही?

एकाच डबीतले मलम दोघी बहिणी लावतात. एकीचे वांग फिके होते, दुसरीचे जसेच्या तसे राहते. मग आपण नशिबाला बोल लावतो. कारण मात्र कातडीच्याच रचनेत आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. बाहेरचे आत येऊ न देणे हेच त्याचे काम. त्यातून औषध थोडेच झिरपते. वांगाचा रंग वरवर असला तर उतरतो, खोल मुरला असला तर सहसा दाद देत नाही. शिवाय वरची कातडी नवी होण्यास तरुणपणी सुमारे ४ आठवडे लागतात, उतारवयात अधिक. केळीला आज घातलेले खत उद्या घडात दिसत नाही, हे आम्हां खानदेशकरांना कोणी सांगावयास नको.

त्यात आमचे ऊन! वैशाखात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांकडे धावतो. मलमाने उतरवलेला रंग ते ऊन पुन्हा चढवते. टोपी, पदर आणि सावली ही निम्मी चिकित्साच होय.

खरे भय उतावळेपणाचे आहे. गुण दिसेना म्हणून आपण आठवड्यात उजळवणारी डबी आणतो. तिच्यात कित्येकदा स्टेरॉइड असते. चेहरा आधी उजळतो, मग कातडी पातळ व लाल होते. नायट्यावर लावले तर खाज थांबते आणि नायटा पसरतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांच्या मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली.

सावकाश येणाऱ्या गुणाची वाट पाहावी. झटपट येणाऱ्या गुणाची आधी चौकशी करावी.