टाक्यांची गाडी आणि वाघिणींची गाडी



१८७० साली जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग एकमेकांस मिळाले आणि मुंबईहून कलकत्त्यास लोहमार्गाने सलग जाणे शक्य झाले. अशा जंक्शनावरील मालगाडीच्या साहाय्याने संगणकभाषांतील एक सूक्ष्म प्रश्न सहज उलगडता येतो.

मालगाडीच्या डब्यास वाघीण म्हणतात. तेलाची टाकी वाहणारी वाघीण हा तिचा उपप्रकार होय. वाघिणीचे सर्व गुणधर्म टाकीकडे वारशाने येतात. म्हणून जेथे वाघीण हवी, तेथे टाकी चालते. मग केवळ टाक्यांची गाडी 'वाघिणींची गाडी' या प्रकारात मोडते काय? वाघिणींची नुसती गणती करावयाची असेल, तर निःसंशय मोडते. परंतु 'ही वाघिणींची गाडी आहे' एवढेच ज्याला सांगितले, तो यार्डातील कामगार तिला कोळशाची वाघीणही जोडील. त्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. तरीही दूरच्या तेलडेपोत नळी घेऊन उभ्या असलेल्या माणसापुढे कोळसा येतो.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावा या भाषेत वस्तूंचे प्रकार आज्ञावली चालण्यापूर्वीच कम्पायलर तपासतो. तथापि 'ॲरे' या संग्रहापुरता तिने वरील प्रश्नास सरसकट होकार दिला. क्रमवारी लावण्यासारखे काम एकदाच लिहून सर्व ॲरेंना लागू करता यावे, ही त्यामागील सोय होती. तिची किंमत अशी की, ॲरेत वस्तू ठेवताना आज्ञावली चालू असतानाच पुन्हा तपासणी करावी लागते. चूक आढळली, तर ती लिहिणाऱ्याच्या मेजावर नव्हे, तर वापरणाऱ्याच्या हाती प्रकट होते.

२००४ साली जावाच्या पाचव्या आवृत्तीत 'जेनेरिक' संग्रह आले. त्यांचा नियम कठोर आहे: टाक्यांची यादी ही वाघिणींची यादी नव्हे. मात्र 'कोणत्या तरी एका प्रकारच्या वाघिणींची यादी' असे घोषित केल्यास तीतील वाघिणी पाहता येतात. नवी जोडता येत नाही. पाहण्याचा आणि जोडण्याचा अधिकार असा वेगळा केल्यावर सोय टिकते व धोका टळतो.

अमेरिकन शास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ साली एका व्याख्यानात उपप्रकाराची कसोटी मांडली. तिचे सार असे की, मूळ प्रकाराच्या जागी ठेवल्यावर जो त्याच्यासारखाच वागतो, तोच खरा उपप्रकार. टाकी या कसोटीस उतरते. टाक्यांची गाडी, तिला काहीही जोडण्याची मुभा असेतो, उतरत नाही. ही चूक यार्डातच सापडावी, डेपोत नव्हे, यासाठीच प्रकारांची सारी शिस्त आहे.