मुलीच्या वहीतला 'जागतिक नागरिक'

(पालक आणि तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



समोर बरीच कॉलेजातली मुलं-मुली दिसतायत. 'पालकांच्या चिंता' हा विषय ऐकून काहींचा हात मोबाइलकडे गेला असेल. हरकत नाही. पण ज्या गोष्टीबद्दल मी बोलणार आहे, ती तुमच्या वेळी शाळेत फारशी नव्हती आणि तुमच्या धाकट्या भावंडांच्या शाळेत आता आली आहे. म्हणून थोडं ऐका.

माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत सातवीत आहे. तिच्या वहीत एक पान आहे, 'मी जागतिक नागरिक'. मध्ये पृथ्वीचा गोल, भोवती हात धरून उभी असलेली मुलं, खाली पाच वाक्यं. पाचही वाक्यं फळ्यावरून उतरवलेली. बाईंची लाल शाईतली सही आणि 'छान'. चित्र खरंच छान आहे. माझी तक्रार चित्राबद्दल नाही.

हा शब्द शाळेत आला कुठून, ते आधी सांगते, कारण आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं की हे बाहेरचं कारस्थान आहे. 2015 साली संयुक्त राष्ट्रांनी 2030 पर्यंतची शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यातलं चौथं शिक्षणाचं आहे, आणि त्याच्या 4.7 या लक्ष्यात मानवी हक्क, स्त्री-पुरुष समानता, शांतता यांच्या जोडीला जागतिक नागरिकत्वाचं शिक्षण येतं. भारताने ती उद्दिष्टं मान्य केली. मग 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एकाच दमात दोन गोष्टी आल्या: विद्यार्थ्याला भारतीय असल्याचा खोल अभिमान असावा आणि तो खऱ्या अर्थाने जागतिक नागरिक व्हावा. 2023 ला जी-20 चं अध्यक्षपद आपल्याकडे होतं, तेव्हा शाळाशाळांत त्याचे फलक लागले. खरं तर मराठी मुलाला ही कल्पना नवी नाहीच. पसायदान म्हणणारं मूल रोज साऱ्या विश्वासाठीच काहीतरी मागत असतं.

आपल्या वस्तीतल्या काही पालकांची काळजी वेगळी आहे. त्यांना वाटतं, जगाचं नागरिक व्हायला शिकवलं की मूल दीनपासून लांब जाईल. एक भाई मला म्हणाले, "आपल्याला उम्मत आहे ना, मग हे कशाला?" मी त्यांना सूरह हुजुरातची तेरावी आयत आठवून पाहायला सांगितलं. तिथे संबोधन सगळ्या माणसांना आहे, आणि कौमा-कबिले कशासाठी, तर एकमेकांची ओळख पटावी म्हणून. शिवाय 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 26 वं कलम वाचा. शिक्षणाने राष्ट्राराष्ट्रांत आणि धर्माधर्मांत मैत्री वाढवावी असं ते म्हणतं, आणि त्याच कलमात पुढे म्हणतं की मुलाला कशा प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा अग्रहक्क आईबापाचा आहे. म्हणजे शाळेने जग शिकवावं, आणि कसं शिकवलं जातंय हे मी विचारावं. मला दोन्ही पटतं. आज मी विचारायचंच काम करणार आहे.

माझी चिंता 'जागतिक' या शब्दाबद्दल नाही, 'नागरिक' या शब्दाबद्दल आहे.

2019 चा डिसेंबर आठवा. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. घराघरांत ट्रंका उघडल्या होत्या. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नानीचा निकाहनामा, सातबारा, रेशनकार्ड. कुठे नाव 'अब्दुल्ला', कुठे 'अबदुला'. आडनाव एका कागदावर गावाचं, दुसऱ्यावर खानदानाचं. त्याच वर्षी 31 ऑगस्टला आसामच्या नोंदवहीची शेवटची यादी लागली होती आणि 19 लाखांवर माणसं बाहेर राहिली होती. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, आदिवासीही होते. आपल्या मुलांनी 'नागरिकत्व' हा शब्द पहिल्यांदा पुस्तकात वाचला नाही. मोठ्यांच्या दबक्या आवाजात ऐकला.

अशा मुलाला तुम्ही सांगता, तू जगाचा नागरिक आहेस. त्याला काय कळणार?

आपल्या कोकणातल्या मुलांना तर जग माहीत आहेच. जहाजावर गेलेले आजोबा, केपटाउनला शंभराहून अधिक वर्षांपासून असलेली कोकणी मुसलमानांची वस्ती, आणि आता घरटी एक माणूस आखातात. माझे चाचा तीस वर्षं कुवेतला होते. तिथल्या इमारतींत त्यांनी वायरिंग केलं. तिथलं नागरिकत्व त्यांना मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. इकामा संपला, कफीलने सही केली नाही, चाचा घरी आले. त्यांच्याइतकं जग आमच्या गावात फार थोड्यांनी पाहिलंय, पण जगाने त्यांना नागरिक म्हटलं नाही. मत द्यायला, ग्रामसभेत उभं राहून पाण्याबद्दल भांडायला त्यांना आपलं गावच लागलं.

त्याच जाहीरनाम्याचं 15 वं कलम म्हणतं, प्रत्येक माणसाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे. म्हणजे जगाच्या कागदानेच सांगितलंय की माणसाला एक देश हवा, आणि त्या देशाने त्याला आपलं म्हणायला हवं. म्यानमारच्या 1982 च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ढकललं. त्यांच्यापुढे सगळं जग पसरलेलं आहे, फक्त हक्काने उभं राहायला जागा नाही. सातवीच्या मुलाला हे कळतं. चाचांची गोष्ट सांगितली तर नक्कीच कळतं. पण वहीतल्या पाच वाक्यांत यातलं एकही नाही. गोल आहे, मुलं आहेत, देश नावाची मधली पायरीच नाही, आणि तिच्याखालची गल्लीही नाही.

आता गल्लीचं सांगते. आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत, मराठी आणि उर्दू. मध्ये चिऱ्याची एक गडगा-भिंत, माझ्या खांद्याइतकी. दोन्ही शाळांत तोच कायदा, तेच केंद्रप्रमुख, त्याच गोदामातून येणारा पोषण आहाराचा तांदूळ. मुलं एकत्र येतात ती केंद्राच्या क्रीडा स्पर्धांत, तीही एकमेकांविरुद्ध. माझ्या मुलीला जपानचा झेंडा काढता येतो. भिंतीपलीकडे तिच्याच वर्गात कोण शिकतं, याची तिला गंध नाही. साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली ती ह्यासाठीच होती. आधी शेजारच्या प्रांताची भाषा शिका, त्यांची गाणी-गोष्टी आपल्या करा. आपल्याला तर शेजारचा प्रांतही नको, शेजारची शाळा पुरे.

शाळेत मग 'विश्व दिन' झाला. प्रत्येक मुलाला एक देश. माझ्या मुलीला सौदी अरेबिया मिळाला. तिने मागितला नव्हता. तिला जपान हवा होता, ती तिच्या मैत्रिणीला गेला. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना वाटलं, हिला घरून अबाया आणायला सोपं जाईल. माझ्या घरी अबाया नाही, तो शेजारून आणावा लागला, हा भाग सोडा. पण मुलीने रात्री विचारलं, "अम्मी, मी तिकडची आहे असं बाईंना वाटतं का?" जगाच्या धड्यातून माझ्या मुलीने हे शिकावं? मी दुसऱ्या दिवशी जाऊन बाईंशी बोलले. चहा घेत, न भांडता. पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकायचं त्यांनी कबूल केलं. एवढ्याने काम झालं, म्हणून सांगतेय. आपण पुष्कळदा घरी धुसफुसतो आणि शाळेत जातच नाही.

दुसरी गोष्ट अवघड आहे. एका मुलाने वर्गात गाझातल्या मुलांबद्दल विचारलं. उत्तर मिळालं, ते राजकारण आहे, पुस्तक उघडा. मला शिक्षकांची अडचण समजते. कुणी मोबाइलवर तुकडा काढला, गावभर फिरवला, की उद्या पंचायत समितीत खुलासा द्यायला तेच उभे. पण मग धड्याचा अर्थ काय? भूतकाळातल्या, लांबच्या, कुणाला न बोचणाऱ्या दुःखाबद्दलच हळहळायचं असेल तर ते नागरिकत्व नाही, शिष्टाचार आहे. संविधानाच्या 51(क) मध्ये मानवतावाद आणि शोधक वृत्ती हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. प्रश्न विचारणारा तो मुलगा कर्तव्यच करत होता.

इथे आपल्या लोकांनाही एक विचारते, राग आला तरी चालेल. गाझासाठी आपण रडतो, दुआ करतो, स्टेटस ठेवतो. ठेवायलाच हवं. पण एप्रिल 2023 पासून सुदानमध्ये दोन फौजा लढतायत, मरणारे बहुतेक मुसलमान, मारणारेही मुसलमान. किती जुम्म्यांना त्यांचं नाव घेतलं? 2014 मध्ये सिंजारच्या यझिदी बायकांना गुलाम म्हणून विकलं गेलं, ते आपल्या धर्माचं नाव घेऊन. अफगाणिस्तानात 2021 पासून मुलींना सहावीच्या पुढे शाळा नाही. माझी मुलगी तिथे असती तर आज घरी असती. शाळेने माझ्या मुलाचा प्रश्न दाबू नये असं मी म्हणते, तर घरात मुलीने अफगाण मुलींबद्दल विचारल्यावर "त्यात आपण पडायचं नाही" हे उत्तर मलाही देता येणार नाही. हंसा मेहतांनी जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सगळे पुरुष' जाऊन 'सगळी माणसं' यावं यासाठी आग्रह धरला आणि ते बदललं. मुंबईच्या विधिमंडळात काम केलेल्या बाईंनी जगाच्या कागदातला शब्द बदलला. ही गोष्ट आपल्या मुलींना कुणी सांगत नाही, मराठी शाळेतही नाही आणि मदरशातही नाही.

आता कामाचं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत आणि निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात. आमच्याकडे बायकांची नावं असतात आणि सह्या घरपोच घेतल्या जातात. तुमच्या अम्मीचं नाव समितीवर आहे का, ते आज घरी जाऊन विचारा. असेल तर तिला बैठकीला पोचवा. तेवढा वेळ स्वयंपाक तुम्ही बघा.

आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी एक प्रस्ताव ठेवणार आहे. 'विश्व दिन' दोन्ही शाळांनी मिळून करायचा, पोशाख नाहीत, झेंडे नाहीत. मराठी आणि उर्दू शाळेतल्या मुलांच्या जोड्या करायच्या आणि त्यांनी गावात फिरून माणसांना विचारायचं: तुम्ही कुठे गेला होता, काय काम केलंत, परत का आलात? जहाजावरचे, आखातातले, मुंबईच्या गिरण्यांतले, नर्स म्हणून गेलेल्या बायका, सगळे. नवरा परदेशी असताना घर चालवलेल्या बायकाही, त्यांना तर आजवर कुणी काहीच विचारलेलं नाही. मुलं जे लिहितील त्याची एक हस्तलिखित वही करायची, एका बाजूने मराठी, दुसऱ्या बाजूने उर्दू. केंद्रप्रमुख तयार आहेत. मराठी शाळेचे मुख्याध्यापक म्हणतात, बघू. उर्दू शाळेचेही म्हणतात, बघू. निदान या बाबतीत दोघांचं एकमत आहे.

यासाठी मला दोन्ही लिप्या वाचता येणारी तीन-चार मुलं-मुली हवीत. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यानंतरचे दोन तास, सहा आठवडे. पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल. मी बाहेर दाराशी थांबते, नाव आणि नंबर देऊन जा.