शीघ्र निदान आणि जंतुसंवर्धन : दोन्हींची गरज

(संस्थेच्या वार्षिक सभेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण)



प्रयोगशाळेच्या खिडकीशी आम्हांला दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो : "रिपोर्ट कधी मिळेल?" अलीकडे त्याला दुसऱ्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. "दोन तासांत उत्तर देणारी यंत्रे आली असताना दिवसच्या दिवस घेणारे कल्चर आता कशाला?" असे आमचे हितचिंतक विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आज त्यांचे उत्तर आपल्यापुढे ठेवू इच्छितो.

कल्चर म्हणजे जंतुसंवर्धन. रक्त, लघवी, पू किंवा बेडका यांतील जंतूंना पोषक माध्यम आणि योग्य ऊब देऊन वाढू द्यायचे, त्यांची ओळख पटवायची आणि कोणत्या औषधाने ते नष्ट होतात हे पाहायचे. पेरलेले उगवायला आपला वेळ घेते, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. लघवीच्या संसर्गात नेहमी आढळणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून त्याची वाढ एका रात्रीत दिसते. क्षयरोगाच्या जंतूला त्यासाठी १८ ते २४ तास लागतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर शतकाहून अधिक काळ तो वाढवून ओळखणे हीच सर्वांत विश्वासार्ह कसोटी मानली गेली. परंतु अंड्यापासून बनविलेल्या लोवेनस्टाईन-जेन्सन माध्यमावर त्याची वाढ दिसण्यास तीन ते आठ आठवडे जातात. तोवर रुग्ण घरात खोकत असतो, आणि दिलेले औषध त्याला लागू पडेल की नाही याची खात्री कुणालाच नसते.

ही प्रतीक्षा जनुकीय चाचण्यांनी कमी केली. जंतू वाढण्याची वाट न पाहता बेडक्यातील त्याचा डीएनए त्या शोधून काढतात. डिसेंबर २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली ‘सीबीनॅट’ चाचणी क्षयरोग आहे काय आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध निष्प्रभ ठरले आहे काय, हे दोन्ही सुमारे दोन तासांत सांगते. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’लाही २०२० साली मान्यता मिळाली. हे यंत्र आकाराने लहान असून बॅटरीवर चालते. धारणी-चिखलदरा भागातील कोरकू मजुराला दवाखान्याची दुसरी फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि पुन्हा एसटीचे भाडे. पहिल्याच भेटीत निदान झाले, तर तो उपचाराविना परत जात नाही.

चाचणी जवळ असणे हाही शीघ्रतेचाच भाग आहे. कोविडच्या प्रारंभी आपल्या भागातील नमुने नागपूरला पाठवावे लागत. २०२० सालीच अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात तपासणी सुरू झाली आणि ते अंतर मिटले.

काही आजारांत तर कल्चरचा मार्ग सर्वसाधारण प्रयोगशाळेला उपलब्धच नसतो. गोचिडीमार्फत पसरणाऱ्या ‘स्पॉटेड फीव्हर’चे रिकेट्सिया जंतू केवळ जिवंत पेशींतच वाढतात. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात या तापाच्या लवकर निदानासाठी गुणांकन पद्धती मांडली. तपासणीची साधने अपुरी असतानाही उपचाराला उशीर होऊ नये, हाच अशा प्रयत्नांमागील हेतू आहे.

मात्र शीघ्रता म्हणजे अचूकता नव्हे. घरोघरी परिचित असलेली विडाल चाचणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, रक्तातील प्रतिद्रव्ये शोधते. पूर्वी होऊन गेलेला विषमज्वर, घेतलेली लस किंवा एखादा निराळाच ताप यांमुळेही ती सदोष उत्तर देऊ शकते. विषमज्वराची खरी खात्री रक्ताच्या कल्चरनेच होते. सीबीनॅटलाही मर्यादा आहेत. मेलेल्या जंतूचा डीएनएदेखील ती दाखवते, म्हणून उपचाराने गुण येतो आहे काय हे पाहण्यासाठी ती उपयोगी नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि कल्चर यांचाच आधार घ्यावा लागतो. रक्तात जंतू पसरलेल्या नवजात बाळाला कोणते प्रतिजैविक वाचवील, याचे पुरते उत्तरही आज मुख्यतः वाढवलेला जंतूच देतो.

म्हणून आमचे निवेदन असे की, शीघ्र चाचणी उपचार सुरू करण्यासाठी हवी आणि कल्चर तो उपचार योग्य ठेवण्यासाठी हवे. एकीसाठी दुसरीचा निधी तोडू नये.

देणगीदारांस विनंती अशी की, यंत्राइतकाच विचार त्याच्या रोजच्या खर्चाचाही व्हावा. कार्ट्रिज, संवर्धनाची माध्यमे, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांवाचून महागडे यंत्रही आच्छादनाखाली पडून राहते. रुग्णांच्या आप्तेष्टांस विनंती अशी की, डॉक्टरांनी कल्चर सांगितले असल्यास शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी नमुना द्यावा. औषध पोटात गेल्यावर जंतू वाढेनासा होतो. आधी घेतलेली औषधे लपवू नयेत. आणि पहिला रिपोर्ट हाती आल्यावर कल्चरचा रिपोर्ट नेण्यास अवश्य यावे, कारण औषध बदलण्याचा निर्णय बहुधा त्यावरच अवलंबून असतो.