टर्बोच्या मीटरची नळी

घरची किंवा बचत गटाची टर्बोची डिझेल पिकअप असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा दाबून भरतो, म्हणून भरली गाडी चढ चढते. हा दाब दाखवणारं मीटर काहीजण पुढे बसवून घेतात. नेहमीच्या चढावर काटा कमी चढू लागला, तर हवेचा पाइप सैल झाला किंवा चिरला असेल, हे वेळीच ध्यानात येतं. नाहीतर गाडी काळा धूर सोडते आणि डिझेल खाते.

मीटरला इंजिनाकडून एक बारीक नळी येते. ती बसवताना मेकॅनिकजवळ उभ्या राहा. इंजिन गार असू द्या. नळी टर्बोच्या पुढे, इंजिनात हवा शिरते तिथून घ्यायची. ब्रेकच्या व्हॅक्यूम नळीला मात्र हात लावू द्यायचा नाही. ती गळली तर ब्रेक जड होतो, आणि उतारावर जिवाशी गाठ. नळी तापणाऱ्या भागापासून लांब न्या, मुडपू देऊ नका. पत्र्यातून आत घेताना भोकाला रबरी कडं हवं, नाहीतर पत्रा नळी कापतो. दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट.

मग इंजिन सुरू करून कान द्या, फुसफुस येते का? गाडी बंद असताना काटा शून्यावर हवा.

विचारायला लाजू नका, बायांनो. हप्ता आपण भरतो, मग बॉनेटखाली काय चाललंय तेही आपल्याला कळायला हवं.