गव्हाचा घास आणि रक्ताची साक्ष

आजाऱ्याला मऊ फुलका द्यावा, तान्ह्याला दुधात कुस्करलेली पोळी भरवावी, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. परंतु काही मुलांना हाच घास बाधतो. मूल खुरटते, पोट फुगते, वरचेवर जुलाब होतात, लोहाची औषधे देऊनही अंगी रक्त भरत नाही. घरची मंडळी दृष्ट काढतात, जंतांचे औषध देतात आणि अखेर ‘याची अंगकाठीच तशी’ म्हणून स्वस्थ बसतात. अशा काही मुलांना सीलिॲक नावाचा रोग असतो.

१८८८ साली लंडनच्या डॉ. सॅम्युअल जी यांनी या रोगाचे नेमके वर्णन केले आणि यावर उपाय असलाच तर तो आहारातच सापडेल, असे सांगितले. कोणता आहार, हे कोडे मात्र पुढे हॉलंडच्या डॉ. विलेम-कारेल डिके यांनी उलगडले. गव्हाविषयी त्यांना आधीपासूनच संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला असता, त्या काळच्या अनुभवाने तो बळावला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

कणकेला चिवटपणा आणणारे ग्लूटेन हे प्रथिन या रोगाचे मूळ. जन्मतःच तशी प्रवृत्ती असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे चळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजतात. लोक याला ‘गव्हाची ॲलर्जी’ म्हणतात; परंतु हा प्रकार पित्त उठण्यासारखा क्षणिक नव्हे.

या उलटलेल्या प्रतिकारशक्तीची खूण रक्तात उमटते. ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे एक विकर आपल्या शरीरात असते. त्याच्याविरुद्ध रोग्याचे शरीर प्रतिपिंडे तयार करते, हे १९९७ साली जर्मन संशोधकांनी दाखविले. आज थोड्याशा रक्तावरून ही प्रतिपिंडे मोजता येतात. मात्र या साक्षीला काही अटी आहेत. साधारणतः ‘अ’ वर्गाची, म्हणजे आयजीए प्रतिपिंडे मोजतात. ज्याच्या शरीरात हा वर्गच अपुरा आहे, त्याचा निकाल रोग असूनही निर्दोष येऊ शकतो. म्हणून त्या वर्गाचे एकूण प्रमाणही पाहावे लागते. शिवाय रक्तात खूण आढळली, तरी बहुधा दुर्बिणीने आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून खात्री करतात. मुलांमध्ये प्रतिपिंडांचे प्रमाण मर्यादेच्या दहापट वा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यानेही दुजोरा मिळाला, तर दुर्बिणीवाचून निदान करण्यास युरोपीय तज्ज्ञांच्या २०२०च्या नियमांनी मुभा दिली आहे.

सुईला भिणाऱ्या मुलाची लाळ तपासून हे काम भागले, तर किती बरे! तसे प्रयत्न इटलीत झाले आहेत आणि सूक्ष्म मापनपद्धतींनी हीच प्रतिपिंडे लाळेतही सापडली आहेत. परंतु रक्ताच्या चाचणीइतका भरवसा अद्याप लाळेच्या चाचणीवर ठेवता येत नाही. केवळ तिच्या आधारे कोणाला रोगी वा निरोगी ठरवू नये.

आपल्या देशात हा रोग गहू खाणाऱ्या उत्तरेत अधिक आढळतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तरेकडे शंभरांत सुमारे एक, तर दक्षिणेकडे हजारांत सुमारे एक, असे प्रमाण आढळले. इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली येथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आणि दोन्ही वेळा पोळी खाणाऱ्या मराठी कुटुंबांनी म्हणूनच याची विशेष जाण ठेवावी.

या रोगावर पथ्याखेरीज उपचार नाही. ते जन्मभराचे असते. गहू आणि जव वर्ज्य. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सुदैवाने तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी आपल्या घरचीच आहेत. परंतु केवळ संशयाने, तपासणीआधीच गहू बंद करू नये. गहू सुटला की प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, आतडेही सावरू लागते आणि मग रोगाचा माग पुसट होतो. मूल जन्मभर पथ्यावर राहते. पण ते खरोखर आवश्यक होते की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी रक्ताची तपासणी करावी, वैद्यांचा निर्णय घ्यावा, आणि मगच कणकेचा डबा दूर सारावा.