कोपऱ्यातला 'टक्'

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



"सात-आठ मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा," असं सेक्रेटरी म्हणाले. मी विषय सांगितला, तर ते जरा गप्पच झाले. पंचवीस वर्षांत टाकी कशी बांधली, लिफ्ट कशी बदलली, हे इतर वक्ते सांगतीलच. मी बोलणार आहे माझ्या ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या फिरत्या कपाटाबद्दल. हसू नका. त्या कपाटापायी मी सहा महिने याच बिल्डिंगमधल्या एका घराशी धड बोलत नव्हते. तेही आज सांगणार आहे.

ज्यांचा ओटा एल आकाराचा आहे त्यांना तो कोपरा ठाऊक आहे. बिल्डरने दिलेल्या कडाप्प्याच्या फळ्या होत्या तेव्हा त्या कोपऱ्यात गेलेली वस्तू थेट दिवाळीच्या साफसफाईलाच उजेड बघायची. बारा वर्षांपूर्वी आम्ही मॉड्युलर किचन केलं, तेव्हा तिथे फिरत्या जाळ्या बसवल्या. मधे एक उभा खांब आणि त्यावर दोन गोल जाळ्या. पण पुऱ्या गोल नाहीत. भाकरीचा चतकोर मोडून घेतल्यावर उरते ना, तशा. तो मोडलेला चतकोर दाराकडे आला तरच दार लागतं. म्हणून खांबाच्या बुडाशी नायलॉनचे दोन तुकडे असतात. एकाला खाच, दुसऱ्याला उंचवटा. जाळी फिरवत आणली की वजनाने उंचवटा खाचेत बसतो आणि 'टक्' असा आवाज येतो. जाळी जागेवर आली.

अमेरिकेत अशा फिरत्या तबकाला 'लेझी सुझन' म्हणतात. १९१७ साली 'व्हॅनिटी फेअर' मासिकातल्या एका जाहिरातीतही हे नाव आहे. नातीने हे आमच्या सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "सुझनला आळशी कोण म्हणालं? तिची सासूच असणार!"

तर आमच्या सासूबाई. तुम्ही सगळे त्यांना आजी म्हणता. वय त्र्याऐंशी. त्यांना काचबिंदू आहे. त्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, एवढंच हातात असतं. थेंब चालू आहेत. पण कपाटातला काळोख त्यांच्यासाठी संपूर्ण काळोखच असतो. तरी पहाटे पाचचा चहा त्या स्वतः करायच्या. आम्ही झोपलेलो असायचो. त्यांचा हिशोब असा: 'टक्' झाला की तिथून मोजायचं. एक वीत उजवीकडे फिरवलं की चहा, दोन विती की साखर, चौथ्या वितीला सुंठ. डब्यांना मी कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत, कारण त्या कधी वाचल्याच गेल्या नसत्या.

मागच्या पावसाळ्यात जाळी घासायला लागली. आमच्या ह्यांनी खांबाच्या बुडाशी चमचाभर गोडेतेल सोडलं. बायकांनो, हे कुणालाही करू देऊ नका. खायचं तेल काही दिवसांनी चिकट होतं. त्यात आमच्याकडे पिठाची धूळ. महिन्याभरात त्याची खळ झाली आणि जाळी फिरेनाशी झाली. जोर लावला की फिरायची, पण कुठेही थांबायची. 'टक्' गेला तो गेलाच. वरची जाळी दोन बोटं खाली उतरली होती आणि कोपऱ्याची खालची फळी हाताला ओलसर लागत होती.

त्याच सुमारास आजी म्हणायला लागल्या, "मला नको गं सकाळचा चहा. पित्त होतं." मी विश्वास ठेवला. खरं सांगते, मला बरंच वाटलं, पहाटेचा गॅस बंद. दोन महिन्यांनी एके दिवशी पाचला उठले, तर त्या अंधारात ओट्याला टेकून नुसत्या उभ्या होत्या. कपाटाचं दार उघडं. हात जाळीवर. मोजायला सुरुवातच सापडत नव्हती. पित्तबित्त काही नव्हतं.

किचनवाल्याला बोलावलं. त्याने वाकूनही पाहिलं नाही. "ताई, हा माल आता येत नाही. सगळं काढा, बाहेर ओढायच्या जाळ्या बसवा." आकडा वीस हजारांच्या पुढे. आणि ओढायच्या जाळीत आजींचं वितीचं गणित बसणार नाही, ते वेगळंच.

आता ओल. माझी खात्री होती की ती वरच्या मजल्यावरून येते. मी कमिटीला अर्ज दिला. सेक्रेटरींना आठवत असेल, चांगला दोन पानी होता. उपविधीत काय आहे, बाहेरचा सामाईक पाइप सोसायटीचा, फ्लॅटच्या आतलं ज्याचं त्याचं, हे सगळं मी त्यात लिहिलं होतं. वरचे काका लिफ्टमध्ये भेटले की मी मोबाइलमध्ये बघायची.

शेवटी आमच्या ह्यांनी माझ्या नकळत काकांनाच विचारलं. काका आयुष्यभर एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. पिंपरी-चिंचवडमध्ये अशी माणसं प्रत्येक बिल्डिंगमध्ये आहेत, आपण त्यांना फक्त 'रिटायर्ड' म्हणतो. ते हत्यारांची पेटी घेऊन खाली आले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, बोलले नाही. ते म्हणाले, "कपाट नंतर. आधी पाणी कुठून येतं ते बघू." सगळं रिकामं करायला लावलं, फळी पुसली, रात्री कोपऱ्यात, भिंतीलगत आणि सिंकखाली जुने पेपर पसरले. सकाळी भिंतीलगतचा पेपर कोरडा होता. भिजला होता तो आमच्याच सिंकखालचा. जाळीच्या पाइपचा वॉशर गेला होता आणि पाणी फळीवरून ओघळत कोपऱ्यात जमत होतं. काकांनी ओला पेपर उचलला, घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "वॉशर बदलू."

त्या अर्जाबद्दल काकांची आणि काकूंची मी आज सर्वांसमोर माफी मागते. घरी मागितली होती, पण अर्ज जाहीर होता.

मग खरं काम. काकांनी आधी पेन्सिलीने खांबावर जाळ्यांच्या जागांच्या खुणा केल्या, मगच हात लावला. जाळी खांबाला ज्याने धरलेली असते तो बिनडोक्याचा छोटा स्क्रू असतो, त्याला ॲलन की लागते. वरच्या जाळीचा तो सैल झाला होता, म्हणून ती उतरली होती. खांब दुर्बिणीसारखा आत सरकतो. तो दाबून बाहेर काढला. बुडाचे तुकडे रॉकेलने धुतले, तेव्हा दिसलं की उंचवटा झिजून सपाट झालाय. आणि फळी फुगल्यामुळे त्याखालची बैठक तिरकी झाली होती. खांब ओळंब्यात नव्हता. आमच्या ह्यांनी दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला, दुरुस्तीत त्यांचं एवढं एक काम बिनचूक झालं.

फळी आठ दिवस पंख्याखाली वाळू दिली. पटाशीने फुगवटा तासला, वर बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायचा तुकडा बसवला. तेवढी उंची वाढली, पण खांब सरकणारा असल्यामुळे ती आत जिरली. नायलॉनचा तुकडा काकांनी भोसरीच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून करून आणला, तीनशे रुपयांत. उंचवट्याला आकार मात्र त्यांनी स्वतः कानशीने दिला, आमच्या डायनिंग टेबलावर बसून, तीन संध्याकाळ. दर वेळी तुकडा बसवायचा, फिरवायचं, ऐकायचं. "अजून मऊ वाजतंय," म्हणून परत कानस.

तिसऱ्या संध्याकाळी आजी खुर्ची घेऊन शेजारी बसल्या. काकांनी फिरवलं. आजी म्हणाल्या, "हं. आता वाजलं."

तेलाऐवजी बुडाशी बोटभर ग्रीस लावलं. जड डबे खालच्या जाळीत, खांबाजवळ. हलके वर. आणि वर्षातून एकदा तो बिनडोक्याचा स्क्रू आवळायचा. आवळताना जाळी खालून कुणीतरी धरायची, नाहीतर ती बोटांवर येते, हा स्वानुभव.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी जागीच होते. दाराचा आवाज आला, मग 'टक्'. मग बराच वेळ काही नाही. मी उठणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, साखर तिसऱ्या वितीला कुणी ठेवली?" मीच ठेवली होती. भरताना डब्यांचा क्रम चुकला होता. त्या दिवशी चहा त्यांनी तिघांना केला. काकांसाठी थर्मासमध्ये वर पाठवला.

आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत, काका त्यांच्या मागे. काका, तुमची ॲलन की गेले चार महिने माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे. पर्समध्ये आणली आहे, खाली उतरल्यावर देते.